तुम्ही विचारलंत म्हणून: अरादच्या वेदीवरचा गांजा

"तुमच्या जुन्या देवळात गांजा जाळायचे म्हणे, खरं का?" पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की हा प्रश्न ठरलेला, आणि विचारताना हसणंही ठरलेलं. 2020 साली ती बातमी आली तेव्हापासून ऐकतेय. एकदाच नीट सांगते.

हो, खरं आहे. इथं इस्रायलात तेल अरादच्या किल्ल्यात यहुदा या प्राचीन ज्यू राज्याचं छोटं देऊळ होतं, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातलं. त्याच्या गाभाऱ्याच्या दारात चुनखडीच्या दोन वेद्या सापडल्या, मोठी 52 सेंटिमीटर उंच, लहान 40. दोघींच्या माथ्यावर जळकं काळं काहीतरी चिकटलेलं होतं. साठच्या दशकात तपासलं तेव्हा उलगडा झाला नाही. 2020 साली झाला: मोठीवर लोबान आणि प्राण्याची चरबी, लहानवर गांजा आणि शेण. शेणामुळे आच मंद राहते, गांजा भडकन जळून जात नाही. म्हणजे जाळणाऱ्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, घरात अजून मराठीच. ती बातमी आली त्या सुमारास इथल्या दिमोना गावात मावसभावाकडे मलिदा, म्हणजे आमचा नैवेद्याचा विधी होता. पोहे, खोबरं, फळं मांडून झाली होती, एलियाहू हनबी या प्रेषिताचं नाव घ्यायचं तेवढं बाकी होतं. भाच्याने मोबाइल पुढे केला. "मामा, लोबान कसला जाळताय? खरा माल हा बघा." पोरं हसली. मामा हसले नाहीत. रेवदंड्याच्या घरी त्यांची आई प्रार्थनेच्या वेळी निखाऱ्यावर लोबान टाकायची, तो वास त्यांच्या लेखी देवाचाच. तरुणपणी ते इथं आले, तर लग्नाच्या वेळी त्यांनाच विचारलं गेलं, "तुम्ही खरे यहुदी कशावरून?" ते भाच्याला म्हणाले, "तिकडून आलो तेव्हा आम्ही खोटे ठरलो. आता आमचे पूर्वज गंजेडी ठरले का रे?" आणि मलिद्याचा घास न घेता उठले. कुणी अडवलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांची समजूत घालायला गेले. म्हटलं, मामा, नुसत्या वासासाठी असेल. आज तसं म्हणणार नाही. वासच हवा तर सुगंधी झुडपं इथल्या डोंगरात होतीच. गांजा लांबून आणवलेला असावा असं संशोधकांना वाटतं. एवढा खटाटोप कुणी नशेच्या मौजेसाठी गाभाऱ्यात करत नाही. देवासमोर उभं राहताना मन नेहमीचं राहू नये, यासाठी तो धूर असणार, असं मला वाटतं. मामांना हे पटत नाही. तोरामध्ये, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, धूपाचे जिन्नस मोजून सांगितलेत, त्यात गांजा नाही, म्हणतात. बरोबर आहे त्यांचं. पण गाभाऱ्यात उभे दगड होते, तेही तोराला चालत नाहीत. वेद्या दोन कशाला, त्या दोन देवांच्या का, यावर विद्वान अजून भांडताहेत. अराद होतं यहुदा राज्याच्या पार दक्षिण सीमेवर. तिथल्या शिपायांनी देव आपल्या परीने पुजला. कोकणात आम्ही दुसरं काय केलं?

आणखी एक, जे कुणीच विचारत नाही. त्या वेद्या फोडलेल्या नव्हत्या. आडव्या निजवून मातीखाली झाकलेल्या होत्या. यहुदाच्या हिज्कीया राजाने जेरुसलेमबाहेरची पूजा बंद केली म्हणून, की शत्रू येतोय म्हणून लपवल्या, यावरही वाद आहे. मी रोज बाजू बदलते. मात्र झाकणाऱ्याला त्या टाकाऊ वाटत नव्हत्या, याबद्दल मला शंका नाही.

तेव्हा यापुढे विचारायचं तर जरूर विचारा, पण मोठ्या वेदीबद्दलही विचारा. लोबान अरबस्तानातून उंटांवरून यायचा, महाग होता. त्याबद्दल मी तासभर बोलेन, आणि मामाही बोलतील.