तुम्ही विचारलंत म्हणून : पुरात अल्बमच गेले, मग प्रिंट कशाला काढायची?

"वहिनी, २०१९ ला घरातले सगळे अल्बम पाण्यात गेले. मोबाईलमधले फोटो तेवढे राहिले. आणि तुम्ही अजून प्रिंट काढा म्हणताय?"

काउंटरवर हे रोज ऐकते. मंडईत, लग्नाच्या पंगतीत, विश्रामबागला बहिणीच्या सोसायटीतसुद्धा ऐकलंय. विचारणाऱ्याला वाटतं, फोटो स्टुडिओवाली बाई धंद्याचंच बोलणार. ते मला लागतं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

तुमचं निम्मं खरं आहे. २०१९ च्या त्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगलीत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराची खूण धरून सगळ्यांनी सामान वर चढवलं होतं, आम्हीही. पाणी ती खूण ओलांडून आलं. सासऱ्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, निगेटिव्हचे डबे वरच्या फळीवर होते, ते आठवडाभर पाण्यात राहिले. हार्ड डिस्क नवऱ्यानं पिशवीत घालून आधीच हलवली होती. म्हणजे आमच्याच दुकानात फिल्म बुडाली आणि डिस्क वाचली. हे मी लपवत नाही.

आणि हेही लपवत नाही, की डिजिटल नवं होतं तेव्हा याच काउंटरवरून मीच सांगायचे, "निगेटिव्ह, प्रिंट कशाला सांभाळत बसता, सीडी न्या, जन्मभर टिकेल." त्या सीडी घेऊन लोक आता येतात. बऱ्याच उघडतच नाहीत, आणि नव्या लॅपटॉपला ती घालायची सोयही नाही. लग्नाचे फोटो सीडीतच राहिले म्हणून एखादी बाई तिथंच उभी राहते. तिला काय सांगू?

पण माझं मत बदललं ते एका काचेमुळं.

पाणी ओसरून आठ-दहा दिवस झाले होते. दुकानात गाळाचा वास, वीज नुकतीच आलेली. दारात बादल्या मांडून मी लोकांचे अल्बम गार पाण्यात सोडत होते. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो, मऊ होतो आणि वाळताना ज्याला टेकला असेल त्याला धरून बसतो; शेजारचा फोटो असो, अल्बमचं प्लास्टिक असो की काच. दोन-तीन दिवसांत, ओला असतानाच हळूहळू सोडवला तर बरेचदा सुटतो. लोकांनी मायेपोटी अल्बम गच्चीवर उन्हात वाळवले आणि कडक झालेल्या थप्प्या माझ्याकडे आणल्या. इंकजेटच्या, म्हणजे शाई फवारून काढलेल्या, प्रिंटांचे तर नुसते रंगाचे ओघळ उरले होते.

गावभागातून एक मावशी आल्या. पदराखाली फ्रेम. त्यांच्या आईचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, कधीकाळी मिरजेला जाऊन काढलेला. आईचा तेवढा एकच. फोटो काचेला चिकटला होता, पण पूर्ण दिसत होता. नऊवारी, ठसठशीत कुंकू, मांडीवर ठेवलेले हात, मनगटात पाटल्या. खालच्या कोपऱ्यात फक्त गाळाची एक रेघ.

मी मागचा पुठ्ठा काढला. काच पाण्यात ठेवली. वीस मिनिटं थांबले आणि कडेनं पातळ सुरी घातली. सुटत आला. मावशी पुढं वाकून बघत होत्या. मध्यावर आले आणि कागद एकदम हातात आला. त्यावर लुगड्याचा काठ होता, पाटल्या होत्या. चेहरा काचेवरच राहिला होता. कपाळ, एक डोळा, गालाचे तुकडे.

माझा मोबाईल गल्ल्यावर होता. मागे कपाटात कॅमेरा होता. फ्रेम उघडायच्या आधी काचेवरूनच एक फोटो घ्यायचा, चकाकी येणार नाही असा जरा तिरका धरून. दहा सेकंदांचं काम. काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा नाही, आधी कॉपी करायची, हे आप्पांनी मला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. सकाळपासून अल्बम सोडवून हात शिणले होते, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं होतं, पण त्यानं काही भरून निघत नाही.

"असू दे गं," मावशी म्हणाल्या. "घर गेलं, तिथं हे काय." मग त्या पायरीवर बसल्या आणि खूप वेळ उठल्या नाहीत.

नंतर मी काचेमागे पांढरा कागद लावून तुकड्यांचा फोटो घेतला, कॉम्प्युटरवर जुळवला. नसलेला डोळा असलेल्या डोळ्याचा आरसा करून बसवला. आठ बाय बाराची प्रिंट दिली. मावशींनी ती लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली. "चांगला झालाय," म्हणाल्या. "पण आईचा तो डोळा जरा आत वळलेला होता."

म्हणून कुणी व्हॉट्सअॅपवरचा फोटो ॲपमधून "साफ" करून आणला आणि बारा बाय अठरा करा म्हणालं, की मी अडून बसते. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० पिक्सेलचा होतो. अठरा इंचांवर ताणला तर इंचाला नव्वदही पडत नाहीत. आम्हाला ३०० हवेत, २०० वर निभावतं. ॲप मधली जागा भरून काढतं, पण आपल्या मनानं. पापण्या दाट होतात, सुरकुत्या जातात, आणि भिंतीवर तुमच्या वडिलांसारखं दिसणारं दुसरंच कुणीतरी टांगलं जातं. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, एवढंच तर मागते. तरी रोज वाद होतात. आणि कॅमेरा कोणता घेऊ म्हणाल, तर चार बाय सहाच्या प्रिंटला दोन मेगापिक्सेलसुद्धा पुरतात. तुमच्या हातात त्याहून जास्त आहे.

आता प्रिंटचं. पुरानंतर ज्यांना फोटो परत मिळाले, त्यांना ते बहुतेक पाहुण्यांकडून मिळाले. जतच्या आत्याकडून, आटपाडीच्या मामाकडून. आमच्याच जिल्ह्यातली दुष्काळी गावं. तिथल्या भिंतीवर पंचवीस वर्षांपूर्वी कौतुकानं पाठवलेली कॉपी कोरडी लटकत होती. त्यामुळं प्रिंट टिकते म्हणून काढा, असं मी आता म्हणत नाही. दोन काढा आणि एक जतला पाठवा, असं म्हणते.

माझा मुलगा म्हणतो, आई, मग क्लाउड म्हणजे तेच की. खरं आहे त्याचं. ठेवा क्लाउडवर, मीही ठेवते. पण वडील गेल्यावर त्यांच्या मोबाईलचा पॅटर्न कुणालाच माहीत नाही म्हणून बंद मोबाईल घेऊन आलेली मुलंही मी याच काउंटरवर पाहिलीत. त्यांना मी काही देऊ शकले नाही. कशावर भरवसा ठेवावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, तेव्हा मी डिस्कही उचलली आणि प्रिंटांचे गठ्ठेही.

पुरात भिजून काचेला चिकटलेली फ्रेम तुमच्या माळ्यावर अजून पडली असेल, तर पुठ्ठा काढू नका, सुरी लावू नका. आधी काचेवरूनच मोबाईलनं एक फोटो घ्या. मग तशीच, न उघडता, घेऊन या.