एवढ्याशा वाडीला कसला आलाय इतिहास?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. लग्नात, एसटीत, ऑफिसात कुणी गाव विचारलं की मी इंदापूर तालुका म्हणतो, पुढे वाडीचं नाव सांगतो आणि समोरचा हमखास म्हणतो, "वाडी म्हणजे चार घरं. त्याला कसला आलाय इतिहास?" चार नाहीत, एकेचाळीस चुली आहेत, पण ते जाऊ द्या.

प्रश्न तसा अगदीच गैर नाही. कागदात आमची वाडी सापडतच नाही. सातबारा गावाच्या नावाने निघतो, नकाशा गावाचा असतो. त्या नकाशात आम्ही म्हणजे नुसते गट नंबर. २०२० साली स्वामित्व योजना आली, पुढे ड्रोनने गावठाण मोजलं आणि गावातल्या लोकांना घरांच्या मिळकत पत्रिका मिळाल्या. आमची घरं शेतात, म्हणजे गावठाणाबाहेर. ड्रोन दिसलं सगळ्यांना, पत्रिका एकालाही नाही.

आता शेतात घरं का? विहिरीमुळे. पणजोबांचं घर मूळ गावात होतं, जमीन दीड-दोन मैलांवर. विहीर पाडली तशी मोट हाकायला पहाटे माणूस तिथं हवा, बैलंही तिथंच हवीत. आधी गोठा मळ्यात गेला, मग राखणीला एक माणूस, मग चूल. भाऊबंद त्या एका विहिरीभोवती वाढत गेले, म्हणून वाडीला आमचं आडनाव. आसपासच्या कितीतरी वाड्यांची हीच कथा आहे. एकाच नावाच्या वाड्या जिल्ह्या-जिल्ह्यात सापडतात आणि कुरिअर भलतीकडे जातं, ते त्यामुळेच.

ती विहीर आहे अजून. मोट ओढताना बैल जिथून उतरायचे ती धाव बुजवून तिथं सोलरचं पॅनल बसवलंय. मोटेचं पाणी जिथं पडायचं त्या थारोळ्याच्या दगडावर परवापरवापर्यंत गोधड्या धुतल्या जायच्या. काठाच्या दगडाला दोर घासून खाचा पडल्यात, अंगठा आडवा बसेल एवढ्या खोल. दोन बाजूंना दोन जोड्या आहेत, म्हणजे दोन मोटांची विहीर. सातबाऱ्याच्या 'इतर हक्कां'त आमचा तिच्यात चार आण्यांचा हिस्सा लिहिलेला आहे. पाणी आता बोअरचं येतं, आणि त्या चार आण्यांवरून दोन घरांचं बोलणं बंद आहे ते आहेच.

गंमत अशी की, शेत मोजून त्याला नंबर देण्याची आपल्याकडची रीत याच तालुक्यातून पसरली. इंग्रजी अमलात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने बसवलेला सारा इतका जड झाला की इंदापुरातल्या जमिनी पडीक पडू लागल्या. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इथूनच नवी मोजणी सुरू केली, सारा उतरवून तीस वर्षांसाठी बांधून दिला. मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. शेतांना सर्व्हे नंबर मिळाले. पुढे १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण आलं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले.

घरात मात्र नंबराने कुणी बोलायचं नाही. आजी म्हणायची, "लवणात खुरपायला बाया गेल्यात." लवणातलं, खडकाळी, चिंचेखालचं, पांढरीचं. माझ्या मते वाडीचा इतिहास या नावांत आहे. काळी जमीन कसायची, पांढरी राहायची. मग ऐन शेताला 'पांढरी' का म्हणतात? नांगरट झाली की तिथं खापरं वर येतात. म्हणजे पणजोबांच्या आधी कुणीतरी तिथं नांदून उठून गेलेलं आहे. ते कोण, हे विचारायला मात्र कुणी उरलेलं नाही.

आणखी एक नाव आहे, हाडवळा. महारकीची, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल महारांना दिलेली वतनी जमीन. या वतनाच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. आमच्यातल्या हाडवळ्याच्या सातबाऱ्यावर आज आमचं आडनाव आहे. तो आमच्याकडे कसा आला, हे घरात कुणी मोठ्याने सांगत नाही. मी तात्यांना एकदा विचारलं तर ते म्हणाले, "फेरफार बघ." बघितला. खरेदी लिहिली आहे, रक्कम लिहिली आहे. ती वाचून मीही गप्प बसलो.

जुनं सगळं गेलं म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही. उजनी धरण १९८० साली झालं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं, आता उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं तरच वर येतं. ज्यांची गावं बुडाली त्यांचं दुःख मोठंच. पण ज्या पाण्याने ती बुडाली तेच पाइपलाइनने आमच्या माळावर चढलं. बाजरी-मटकीच्या जागी ऊस आला, डाळिंब आलं. नवी नावंही पडली. पुतण्या 'पोल्ट्रीमागचं' म्हणतो, 'डीपीजवळचं' म्हणतो. खडकाळी कुठली हे त्याला दाखवावं लागतं, कारण जेसीबीने खडक काढून वर तळ्यातला गाळ पसरल्यावर तिथं खडकच राहिला नाही.

गेल्या मे महिन्यात बांधाच्या वादात सरकारी मोजणी आणली. भूकरमापकाने रोव्हरचा, म्हणजे उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्राचा दांडा रोवला, स्क्रीन बघितली आणि हद्दीचा दगड कुठं होता म्हणून विचारलं. तात्यांनी मोकळ्या रानाकडे बोट केलं. "चिंचेखाली." चिंच बारा वर्षांपूर्वी वीटभट्टीला विकलेली. तो माणूस तात्यांकडे बघतच राहिला. मग पुतण्याने तात्यांनी दाखवलेल्या जागी टिकाव घातला. दगड काही सापडला नाही. हातभर खाली गेल्यावर मनगटाएवढं काळं मूळ लागलं. तात्या म्हणाले, "हितनं दोन पावलं उगवतीला बघ."