वहीतली बिऱ्हाडं

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५. फ्रीमाँट, कॅलिफोर्निया.

बेसबॉलपटू मार्कस सेमियन न्यूयॉर्कला चालला. काल मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात फोनवर बातमी आली. टेक्सास रेंजर्सनी त्याला तिथल्या मेट्स संघाकडे दिलं आणि बदल्यात ब्रँडन निम्मो घेतला. मेथी तशीच ठेवून उठले आणि कपाटातली वही काढली. हिरव्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. सेमियनच्या पानावर चार नावं एकाखाली एक होती: शिकागो व्हाइट सॉक्स, ओकलंड, टोरंटो, टेक्सास. पाचवं लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, हात ओला होता.

ही वही २०१४ पासूनची. आम्ही इथे येऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बेसबॉल मला आधी कानांनी कळला, डोळ्यांनी नंतर. ओकलंड अ‍ॅथलेटिक्सच्या मैदानात राइट फील्डच्या, म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाच्या, पायऱ्यांवर ढोलवाले बसायचे आणि सामनाभर वाजवायचे. फ्रीमाँटहून बार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, कोलिझियम स्टेशनला उतरायचं, मग त्या लांब पुलावरून चालत जायचं. पुलावर सॉसेज भाजणारे गाडीवाले. पूल संपत आला की ढोल ऐकू येई. साताऱ्याच्या पोरीला आणखी काय लागतं? नियम हळूहळू मुलाकडून शिकले.

माझा पहिला आवडता खेळाडू योएनिस सेस्पेदेस. क्यूबाचा, फेकीचा हात असा की डाव्या कोपऱ्यातून चेंडू थेट होमप्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाजाच्या जागेपर्यंत. ३१ जुलै २०१४ ला सकाळी उठले तर तो बॉस्टनचा झालेला. संघ तेव्हा जोरात होता, आणि असं असताना आपल्याच माणसाला कसं कुणी देऊन टाकतं, ते मला कळेना. मुलगा म्हणाला, "आई, त्याच्या बदल्यात जॉन लेस्टर मिळाला, मोठा पिचर आहे, म्हणजे बोलर." असेल. त्या वर्षी कॅन्सस सिटीच्या बाद फेरीच्या एका सामन्यात, बाराव्या इनिंगमध्ये, ९-८ ने सगळं संपलं. नोव्हेंबरात जॉश डोनाल्डसनलाही टोरंटोला दिलं. पुढच्याच वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याला दिल्याची बातमी आली त्या रात्री मी वही आणली. पहिल्या पानावर सेस्पेदेस, दुसऱ्यावर डोनाल्डसन. कोण कुठे गेला, एवढंच लिहायचं.

का जातात, हे समजायला मला दोन हंगाम लागले. मोठ्या लीगमध्ये आल्यावर खेळाडूला साधारण सहा वर्षं संघ सोडता येत नाही. पहिली तीन वर्षं बहुतेकांचा पगार किमान रकमेच्या आसपास. पुढे लवादाचा मार्ग खुला होतो आणि पगार दरवर्षी चढत जातो. सहा भरली की तो मोकळा, ज्याला हवं त्याच्याशी करार करतो. श्रीमंत संघ तिथे हात सैल सोडतात. ओकलंडने मात्र बहुतेक वेळा तिथवर थांबायचंच नाही असं ठरवलेलं: एक-दोन वर्षं उरली असताना खेळाडू द्यायचा आणि बदल्यात तीन-चार कोवळी पोरं घ्यायची. ती पोरं मोठी झाली की पुन्हा तेच. म्हणजे आपण ज्याच्यावर जीव लावतो त्याच्या जाण्याची तारीख तो आला त्याच दिवशी ठरलेली असते. हे कळल्यावर मला वाईट वाटायचं थांबलं नाही, पण राग खेळाडूंवरून उतरला.

सेमियन आला तोही अशाच अदलाबदलीत, डिसेंबर २०१४ मध्ये. सोबत ख्रिस बॅसिट होता. दोघांची पानं माझ्या वहीत समोरासमोर आहेत. सेमियन इथलाच, बर्कलीच्या शाळेत शिकलेला, बर्कलीच्याच विद्यापीठात खेळलेला. २०१५ मध्ये शॉर्टस्टॉप या चेंडू अडवायच्या जागेवर त्याने ३५ चुका केल्या. पस्तीस! प्रत्येक चुकीनंतर स्टँडमध्ये कुणीतरी ओरडायचं आणि माझ्या पोटात कालवायचं. त्या मे महिन्यात रॉन वॉशिंग्टन प्रशिक्षक म्हणून आले. मग सामन्याच्या आधी, रिकाम्या मैदानात, ते दोघं. वॉशिंग्टन जवळून चेंडू टोलवत आणि सेमियन गुडघ्यांवर बसून छोट्या सपाट ग्लोव्हने ते उचलत राही. आम्ही लवकर जाऊन बघायचो. मुलाच्या गणिताची तेव्हा बोंब होती. मी त्याला एका शब्दानेही काही म्हटलं नाही, फक्त शेजारी बसवून ते दाखवलं.

२०१९ मध्ये तोच सेमियन १६२ पैकी १६२ सामने खेळला, ३३ होमरन (चेंडू थेट कुंपणापलीकडे, आपला षटकारच) मारले आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात तिसरा आला. एका वर्षानंतर त्याची सहा वर्षं भरली. संघाने त्याला एका वर्षाचा रीतसर प्रस्तावसुद्धा दिला नाही. घरचा मुलगा, ज्याचं बिऱ्हाड कुठे हलायचं कारणच नव्हतं. टोरंटोने १ कोटी ८० लाख डॉलरला एक वर्षासाठी घेतला आणि त्याने तिथे ४५ होमरन ठोकले. सेकंड बेसवर खेळणाऱ्याने एका हंगामात इतके कधीच मारले नव्हते. मी टोरंटोचे सामने दुपारी चारला लावून बसायची. नवरा विचारायचा, "आता हा आपला संघ का?" मी म्हणायची, "संघ नाही, माणूस आपला."

मार्च २०२२ चा तो आठवडा मात्र माझ्या वहीला झेपला नाही. १२ तारखेला बॅसिट मेट्सकडे, १४ ला मॅट ओल्सन अटलांटाकडे, १६ ला मॅट चॅपमन टोरंटोकडे. एप्रिलमध्ये शॉन मनाया सॅन डिएगोला. बॅसिटला आदल्याच ऑगस्टमध्ये शिकागोत थेट तोंडावर चेंडू बसला होता. गालाचं हाड मोडलेलं, आणि सव्वा महिन्यात हा पठ्ठ्या परत ओकलंडसाठी पिचिंगला उभा. अशा माणसाला सोडायचं? ओल्सनचं म्हणाल तर तो अटलांटाजवळचाच. गावी परतला आणि २०२३ मध्ये त्याने ५४ होमरन मारले, अटलांटाच्या क्लबच्या इतिहासात सर्वाधिक. प्रत्येक होमरनची नोंद मी केली. चोपन्नाव्याला पानावर जागा उरली नाही, म्हणून तो समासात लिहिला.

परत आलेले थोडे. रिकी हेंडरसन, ओकलंडमध्येच वाढलेले, चार वेगवेगळ्या वेळा या संघात खेळले. जायचे, यायचे. त्यांचा काळ माझ्या आधीचा. माझ्या डोळ्यांदेखत परत आलेला म्हणजे स्टीफन व्होट. हा कॅचर, म्हणजे आपल्याकडच्या यष्टिरक्षकासारखा, मोठ्या लीगमध्ये आला तेव्हा पहिल्या ३२ वेळा त्याला एकही हिट, म्हणजे यशस्वी फटका, मिळाला नव्हता. पहिला हिट जून २०१३ मध्ये ओकलंडकडून, तोही होमरन. राइट फील्डमधले लोक "आय बिलीव्ह इन स्टीफन व्होट" असं एका सुरात गायचे, आम्ही तिघंही गायचो. २०१७ मध्ये संघाने त्याला सोडलं. त्याच्या पानावर मग मिलवॉकी, सॅन फ्रान्सिस्को, अ‍ॅरिझोना, अटलांटा. आणि २०२२ मध्ये पुन्हा ओकलंड! सदतिसाव्या वर्षी, १०२ सामने हरलेल्या संघात. ५ ऑक्टोबरला हंगामाचा शेवटचा सामना होता आणि त्याचाही. त्याच्या लेकरांनी ध्वनिक्षेपकावरून बाबाचं नाव पुकारलं. शेवटच्या फटक्याला तो उभा राहिला आणि चेंडू भिंतीपलीकडे गेला. पहिला हिट होमरन, शेवटचा हिट होमरन. माझ्या शेजारची अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. आता तो क्लीव्हलंडचा व्यवस्थापक आहे आणि याच महिन्यात लागोपाठ दुसऱ्यांदा लीगचा सर्वोत्तम व्यवस्थापक ठरला. त्याचं पान मी अजून बंद केलेलं नाही.

आणि मग संघच गेला. १९५४ पर्यंत फिलाडेल्फिया, मग कॅन्सस सिटी, १९६८ पासून ओकलंड, असा या क्लबचा आधीचा प्रवास मला पाठ होता, तरी आपल्या हयातीत हे होईल असं वाटलं नव्हतं. २६ सप्टेंबर २०२४, गुरुवार. आम्ही बार्टने गेलो, पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. ४६,८८९ माणसं. राष्ट्रगीत गायला बॅरी झिटो, जो २००६ च्या हंगामानंतर खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे गेला होता. पहिला मानाचा चेंडू टाकायला रिकी हेंडरसन आणि इथलेच जुने पिचर डेव्ह स्टुअर्ट. समोरचा संघ टेक्सास, म्हणजे त्यांच्या डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकावर, सेमियन. लहानपणापासून त्याला माहीत असलेलं हे मैदान, आणि निरोपाच्या दिवशी तो पाहुण्यांच्या गणवेशात. ओकलंड ३-२ ने जिंकलं. कुणी जागचं हलेना. लोक कागदी पेल्यांत मैदानाची माती घेऊन निघाले. आमच्याकडेही आहे, देवघराच्या खालच्या फळीवर. त्यानंतर तीन महिन्यांनी रिकी वारले.

संघ सध्या सॅक्रामेंटोच्या छोट्या मैदानात खेळतो. पुढे लास व्हेगास. मी एकदाही गेलेले नाही, जाईन असं वाटत नाही. पोरं चांगली आहेत, त्यांच्यावर राग नाही.

आज सकाळी आईचा फोन होता. तिला मी सेमियनचं सांगितलं. तिला बेसबॉल कळत नाही, पण ही वही तिला पटते. आमचा साताऱ्याचा वाडा पाडून तिथे इमारत झाली, त्याला अठरा वर्षं झाली. वाड्यात सात बिऱ्हाडं होती. आईला आजही विचारा, माडीवरच्या काकूंची नात कुठे नोकरीला आहे, मागच्या खोलीतल्या मास्तरांचा मुलगा कोल्हापूरहून पुण्याला कधी गेला. सगळं तोंडपाठ. मी एकदा म्हटलं होतं, "अगं, वाडाच राहिला नाही, आता कशाला?" ती म्हणाली, "वाडा राहिला असता तर लक्षात कशाला ठेवायला लागलं असतं?"

आज फोनवर तिने एवढंच विचारलं, "न्यूयॉर्कला त्याच्या ओळखीचं कुणी आहे का गं?"

मला एकदम सुचलं नाही. मग वही उघडली. शॉन मनाया! ओकलंडमध्ये पाच हंगाम दोघं एकत्र होते, एक पिचिंग करायचा, दुसरा त्याच्या पाठीशी चेंडू अडवायला. मनाया २०२४ पासून मेट्सकडेच आहे. सॅन डिएगो, सॅन फ्रान्सिस्को करून तिथे पोचला. म्हणजे सहा वर्षांनी दोघं पुन्हा एका डगआउटमध्ये.

"आहे, आई," मी म्हटलं. "आपल्यातलाच एक आहे."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि कडब्याच्या भावाविषयी बोलायला लागली.

मेट्सचे घरचे सामने तिकडे संध्याकाळी सातला सुरू होतात, आपल्याकडे दुपारी चार. एप्रिलपासून कणीक साडेतीनला मळून ठेवायची.