वरच्या बाकावरून धबधबा

बुधवार, रात्री साडेदहा. कोथरूड.

आई आत्ताच झोपल्या. गुडघ्यांना तेल चोळताना त्यांच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास येत होता. धुवायला टाकू का विचारलं, तर म्हणाल्या, "राहू दे उद्यापर्यंत."

आषाढी होऊन दहा दिवस झाले. सोमवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "मला एकदा मुळशीचा पाऊस दाखवून आणा. चालवत नाही, पण बसवतं अजून." वय एकोणऐंशी. दोन्ही गुडघे गेलेले. माहेर मुळशी तालुक्यातलं, पण तिकडे जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. ह्यांनी लगेच बुधवार ठरवला. शनिवार-रविवारी त्या रस्त्याला आईंना घेऊन जाण्यात अर्थ नव्हता.

चांदणी चौकात काचेवर नुसती भुरभुर होती. भूगावला वायपर लावावा लागला, पिरंगुटला तो थांबवावासाच वाटेना, आणि पौड मागे पडल्यावर समोरचे डोंगर दिसेनासे झाले. तेवीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर सह्याद्री काढायचे, डावीकडे अरबी समुद्र, वर चढणारे बाण, उजवीकडे कोरडं पठार, आणि खाली लिहायचे 'प्रतिरोध पर्जन्य'. पुण्यात वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि इथून तास-दीड तासावरच्या ताम्हिणीत पाच-सहा हजार, हे मुलांना खरं वाटायचं नाही. आज त्या आकृतीच्या उजव्या टोकाकडून डावीकडे आम्ही गाडीने जात होतो. प्रत्येक मुलाला एकदा तरी या रस्त्याने न्यायला हवं होतं, असं फार वाटलं. फळ्यावर तो पाऊस कळतच नाही.

मुळशीचा जलाशय दिसायला लागला तशा आई काचेला चिकटून बसल्या. त्यांच्या आज्याची भातखाचरं त्या पाण्याखाली आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला 'धरणात गेली' एवढंच कळलं होतं. आज गाडीत त्या तुटक तुटक बोलत होत्या. १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट आले, मावळे तुरुंगात गेले, आणि तरी पाणी चढलंच. आजा म्हातारपणी काठावर बसून बोट दाखवायचा: इथे आंबेमोहोर, तिथे विहीर. पुढे १९२७ पासून हेच पाणी डोंगराच्या पोटातून कोकणात भिऱ्याला उतरवून त्याच्यावर वीज करतात. वर्गात हे सगळं मी 'जलविद्युत प्रकल्प' या मथळ्याखाली दोन ओळींत सांगून मोकळी व्हायचे.

चहाची ती जागा घाट सुरू व्हायच्या अलीकडे आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही. जागा लहान आहे, तिला मोजकीच माणसं झेपतात. रस्त्यावरून साताठ दगडी पायऱ्या उतरलं की झाडांखाली सपाट अंगण लागतं. जांभूळ, हिरडा, अंजनी, एक थोरला आंबा. झाडांना बांधून निळं मेणकापड ताणलेलं, त्याच्याखाली दगडांवर टेकवलेल्या फळ्या, हेच बाक. एका कडेला चूल. समोर झाडांच्या फटीतून धबधबा दिसतो, फार उंच नाही, तीन टप्प्यांत पडणारा. सह्याद्रीतले पुष्कळ धबधबे असे पायरी-पायरीने पडतात, कारण लाव्हाचे थर एकावर एक साचलेत. एखादा थर टणक, त्याच्या खालचा भुसभुशीत. भुसभुशीत आधी झिजतो आणि टणकाची पायरी पुढे निघते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला खडक, आणि त्याच्या कपारीत कालपरवा उगवलेला तेरडा. खालच्या डोहाकडे जायला अंगणातून अजून एक निसरडी वाट आहे.

त्या वाटेने आम्ही पूर्वी दोनदा उतरलो होतो. पहिल्या वेळी मुलगा नऊ वर्षांचा होता. वरून कुणीतरी हाका मारत होतं, "तिकडच्या कातळावर जाऊ नका." आम्ही हात हलवून बरं म्हटलं आणि गेलो. तो शेवाळावरून घसरला, हनुवटीला तीन टाके पडले. दुसऱ्या वेळी पाण्यात उभं राहून फोटो काढले आणि वीस मिनिटांत गाडीत. दोन्ही वेळा चहा प्यायलो असणार, पण कसा होता ते आठवतही नाही.

आज खाली जायचा प्रश्नच नव्हता. ह्यांनी एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने धरून आईंना त्या साताठ पायऱ्या उतरवलं, तेवढ्यालाच दहा मिनिटं लागली. चुलीपाशी बसलेल्या बाई उठून आल्या, फळीवर गोणपाटाची घडी टाकली आणि म्हणाल्या, "बसा आज्जी, हितं ओल न्हाई."

आईंनी बूड टेकायच्या आधीच विचारलं, "तू कुणाची गं?"

पुढची दहा मिनिटं गावं, आडनावं, कोण कुणाच्या घरात दिली, कुणाची मावशी कुणाची नणंद. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. शेवटी बाईंच्या आजेसासूचं माहेर आईंच्या माहेराशेजारच्या वाडीतलं निघालं. बाईंनी कपाळाला हात लावला, "म्हंजी तुम्ही आमच्याच की!" आणि त्यांनी चुलीवरचं अर्धं उकळलेलं पातेलं खाली उतरवून दुसरं, धुतलेलं, चढवलं.

तो चहा कसा केला ते लिहून ठेवते. वरच्या झऱ्याचं पाणी पायपाने येतं, ते घेतलं. पाण्यात आधी साखर. गवती चहाच्या चार लांब पाती एकत्र पिळून त्यांची गाठ मारली आणि अख्खी गाठच पाण्यात सोडली. मी घरी कात्रीने तुकडे करते, ते गाळणीत अडकतात आणि वास निम्मा कात्रीलाच राहतो. ओढ्यातला गुळगुळीत गोटा उचलून आल्याला एकच दणका दिला. पावडर शेवटी. दूध वेगळं तापत होतं, ते वरून धार धरून ओतलं. एकदा वर आला, पातेलं उचललं. दुसऱ्यांदा आला, उचललं. तिसऱ्यांदा आल्यावर लाकूड मागे ओढलं आणि झाकण ठेवून दिलं. गाळायला पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा, आणि प्यायला काचेचे ग्लास. कागदी कप ठेवतच नाहीत. "लोकं पितात आन् वढ्यात टाकतात. गल्लास कुणी टाकत न्हाई," असं त्यांनी सांगितलं. ग्लास परत द्यायचा असतो म्हणून माणूस तेवढा वेळ बसतो, हेही मला तिथेच बसल्यावर लक्षात आलं.

चहाला धुराची चव होती. आईंनी पहिला घोट घेतला आणि काही बोलल्या नाहीत. पदराने ग्लास धरून नुसत्या बसून राहिल्या.

आम्ही तिथे तीन तास होतो. तीन तास धबधब्याशेजारी बसलं की तो एकसारखा नसतो हे कळतं. वाऱ्याचा झोत आला की मधला टप्पा बाजूला सरकतो आणि मागचा काळा दगड उघडा पडतो. पाऊस थांबला तरी पाणी लगेच कमी होत नाही. साधारण बाराच्या सुमाराला पलीकडून शीळ ऐकू आली. मला वाटलं कुणी मुलगा रमतगमत येतोय, सूर सापडत नाहीये, म्हणून पुन्हा पुन्हा तीच ओळ घेतोय. बाई म्हणाल्या, "पाखरू हाय ते." शीळकरी कस्तुर. पावसाळ्यात ओढ्याच्या कडेलाच तो गातो, पाण्याच्या आवाजावर मात करून. शोधून शोधून एकदाच दिसला, ओल्या दगडावर काळा, आणि उडाला तेव्हा खांद्यावर निळा चमकला. ह्यांचा फोन गाडीतच राहिला होता. बरं झालं.

अंगणाच्या मागे चढावर दाट रान आहे. ते देवीचं, त्यातली काटकीसुद्धा चुलीत घालत नाहीत. लाकूड खालच्या शेताच्या बांधावरचं आणतात. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवरायांचा अभ्यास केला होता, तेव्हापासून हा शब्द शहरातल्या लोकांच्या तोंडी आला. बाई नुसतं 'राई' म्हणतात. "बाकीचं वढं दिवाळीला आटत्यात. ह्यो माघापत्तुर वाहतो, राईमुळं." मी वाकून पायाखालचा पाचोळा बाजूला केला. वितभर खाली हात गेला तरी माती लागेना, नुसती कुजकी पानं, स्पंजासारखी, आणि हातावर घरंगळत आलेलं पाणी. तो पाऊस अजून रानातच मुरत होता, ओढ्यात यायला त्याला कितीतरी दिवस लागणार होते. आजूबाजूला बंगल्यांच्या प्लॉटचे फलक लागलेत. त्या रानापर्यंत ते येऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

दीडच्या सुमाराला कॉलेजची चार मुलं आली. चांगली होती, आईंना वाकून नमस्कार केला, चहा सांगितला आणि तो होईपर्यंत खाली डोहात उतरली. बाईंनी सांगितलं, कडेलाच बसा. ती मधल्या कातळावर जाऊन बसली. आमच्या डोक्यावर तेव्हा पाऊस नव्हता, ऊनही पडल्यासारखं झालं होतं.

आई डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं पेंगल्या. एकदम म्हणाल्या, "आवाज जाड झाला गं."

मी काय म्हणून वळते तोवर बाई चुलीपासून उठल्या होत्या. एका हातात परात, दुसऱ्या हातात उलथनं. त्या वाटेच्या तोंडाशी उभ्या राहून परात बडवायला लागल्या, "वर या! वर या रं पोरांनो, आधी वर या!" मुलं हसून हात हलवत होती. अगदी आम्ही हलवला होता तसाच. मग हे ओरडत चार पावलं खाली गेले तेव्हा ती उठली, चपला हातात घेऊन, जरा नाराजीनेच. शेवटचा मुलगा अंगणात पोचला तेव्हा धबधब्याचं पाणी पांढऱ्याचं तांबूस झालं होतं. त्यानंतर लगेच ते फुगलं, आणि आत दगड घरंगळल्याचा आवाज. तोच तो जाड आवाज. मधला कातळ दिसेनासा झाला. वर डोंगरात कुठेतरी सर कोसळून गेली होती, तिचं पाणी आत्ता पोचत होतं.

कुणीच काही बोललं नाही. मुलं ओळीने फळीवर बसली आणि बाईंनी त्यांच्या हातात चहा दिला. एकाचा ग्लास थरथरत होता. २०२४ सालच्या ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. ती चित्रफीत मी पाहिली होती, पाहून बंद केली होती. आज ते पाणी चढताना प्रत्यक्ष पाहिलं. आईंना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाल्या, "लहानपणी गुरं ओढ्यापलीकडे असायची. ऐकलं नाही तर गुरं जायची." एवढंच. साठ वर्षं पुण्यात, फ्लॅटमध्ये काढून तो कान तसाच राहिला होता, आणि माझ्या घरात राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

मुलाच्या वेळी वरून हाका मारणारं कोण होतं, ते बाईंना विचारायचं मनात होतं. त्याच असतील, किंवा त्यांच्या सासूबाई. त्या मुलांपुढे विचारवेना. निघताना फक्त त्यांचा हात हातात घेतला, तो आल्याच्या रसाने चिकट होता.

पैसे घेताना त्यांनी आईंच्या ग्लासाचे घेतले नाहीत. "माहेरवाशिणीचं कसलं पैसं." मागच्या पन्हाळीखालून गवती चहाचा एक ठोंब उपटून, मातीसकट, ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. परतीच्या वाटेवर आई तो मांडीवर धरून बसल्या. जलाशयाजवळ ह्यांनी गाडी थांबवली. काच खाली केली, आईंनी हात बाहेर काढून पाऊस घेतला, ओला हात डोळ्यांवरून फिरवला आणि म्हणाल्या, चला.

घरी आल्यावर बाल्कनीतल्या जुन्या बादलीत ठोंब लावला. बादलीच्या बुडाला भोकं पाडून घेतली, खाली विटांचे तुकडे घातले. आई खुर्ची घेऊन शेजारी बसल्या होत्या. पानं कापून आखूड कर, नाहीतर मुळं धरणार नाही, असं त्यांनी सांगितलं तशी ती वीतभर ठेवून कापली. कापलेल्या पातींची गाठ मारून ठेवली आहे. सकाळी आधी साखर, मग गाठ, पावडर शेवटी.