डिस्क वाकलेली नव्हतीच

ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात थरथरायचं आणि पायाखाली पेडल धकधक करायचं. चाळीसला मात्र गाडी शहाण्यासारखी थांबायची. महिनाभर मी टायरला बोल लावला, बॅलन्सिंग करून घेतलं, ढिम्म फरक नाही. शेवटी आमच्या मेकॅनिक काकांनी एक चक्कर मारली आणि गाडीतून उतरता उतरताच निकाल दिला, "डिस्क वाकलीय. पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलून टाक."

काकांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण हे 'वाकलीय' काही मला पटेना. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची जाडजूड तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळले की गाडी थांबते. तीही कधी न आपटलेली, ती वाकेल कशी? वाचत गेले तसतसं कळलं की बहुतेक वेळा ती वाकलेली नसतेच. होतं असं, की चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या हबवर डिस्क किंचित तिरकी बसते, मिलिमीटरच्या काही शतांश भागांनी. गाडी नुसती चालत असली तरी फिरताना तिचा एक भाग पॅडला हलकेच घासत राहतो. हजारो किलोमीटरनंतर तिथली जाडी कमी होते. मग ब्रेक दाबल्यावर जाड भाग आला की पॅडला दाबणारा पिस्टन मागे ढकलला जातो, पातळ भाग आला की पुढे येतो, आणि ही ढकलाढकली ब्रेक ऑइलमधून थेट आपल्या तळपायापर्यंत पोचते. दुसरं कारण म्हणजे पॅडच्या मसाल्याचा, म्हणजे घासणाऱ्या मिश्रणाचा, थर डिस्कवर कुठेतरी चिकटून राहणं. जोरात ब्रेक मारून गाडी थांबवली आणि तापलेल्या डिस्कवर पाय तसाच दाबून ठेवला, की हे होऊ शकतं. सिग्नलला मी नेमकं तेच करत आले होते.

काकांना म्हटलं, बदलायच्या आधी मोजूया. ते हसले, पण चाक काढून दिलं.

पहिलं माप मी घरच्या व्हर्नियरने घेतलं: २१.९ मिलिमीटर. नव्या डिस्कची जाडी २२, म्हणजे अजून बरंच आयुष्य शिल्लक. मी खूश. काकांनी काही न बोलता माझं बोट डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून फिरवलं. तिथे एक उंचवटा लागला, खरकट्या थाळीच्या काठासारखा. पॅड जिथवर पोचत नाही तिथलं लोखंड झिजत नाही, त्याची कड उभी राहते, आणि व्हर्नियरचे जबडे त्या कडेवरच टेकतात. मी जाडी मोजत होते ती न झिजलेल्या भागाची. मग त्यांनी मायक्रोमीटर दिला. त्याची टोकं कड ओलांडून आत, घासल्या जाणाऱ्या पट्ट्यावर बसतात. खडूने आठ खुणा करून आठ मापं घेतली. सगळ्यात कमी २०.१२, सगळ्यात जास्त २०.१६. फरक ०.०४ मिलिमीटर, माणसाच्या केसाहूनही कमी, आणि तेवढ्यावर माझं स्टेअरिंग नाचत होतं.

तारेच्या ब्रशने कडेवरचा गंज खरवडला तेव्हा ओतीव अक्षरं दिसली: 'मिन टीएच २०'. ही डिस्कची किमान जाडी, याखाली ती वापरायची नाही. म्हणजे माझ्याकडे उरले होते ०.१२. लेथवर फिरवून सपाट करून घेण्याचा विचार तिथेच संपला, एक हात फिरला असता तरी डिस्क बाद झाली असती. किमान जाडीचा एवढा बाऊ का, तेही हिशेब मांडल्यावर उमगलं. बाराशे किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटरहून जास्त पाणी उकळीला येतं. जोराच्या ब्रेकिंगला हे सगळं चार-पाच सेकंदांत होतं, आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क पोटात घेतात. लोखंड कमी झालं की तीच उष्णता तिला जास्त तापवते.

तर डिस्क नव्या घ्यायच्या हे ठरलं. इथे धाकटा भाऊ मध्ये पडला. त्याला भोकंवाल्या डिस्क हव्या होत्या, "ताई, चाकातून काय दिसतात बघ!" दिसतात खऱ्या. पण भोकांचा जन्म झाला तेव्हा जुन्या पॅडमधून तापल्यावर वायू निघायचा, त्याला वाट करून द्यायची होती. आताच्या पॅडना ती गरज फारशी नाही, आणि सततच्या तापण्या-निवण्यात तडे सुरू होतात ते याच भोकांपासून. खाचावाल्या डिस्क पॅडचा पृष्ठभाग सतत खरवडून ताजा ठेवतात, म्हणजेच पॅड लवकर संपतात, वर थोडा आवाजही येतो. रोज कामावर जाणाऱ्या गाडीला साधी, आतून हवेच्या पोकळ्या असलेली डिस्क पुरते. पैसे घालायचेच असतील तर गंजरोधक थर दिलेली आणि जास्त कार्बन असलेल्या लोखंडाची डिस्क घ्यावी. जास्त कार्बनमुळे कंप लोखंडातच जिरतो आणि आवाज कमी होतो. भाऊ आठवडाभर नाराज होता.

माझी स्वतःची चूक इथून पुढची. मॉडेल आणि वर्ष टाकून मी डिस्क मागवल्या. खोकं उघडलं, जुन्या डिस्कवर नवी ठेवली तर नवी चक्क लहान. जुनी २८० मिलिमीटर व्यासाची, नवी २५६. त्याच मॉडेलमध्ये, त्याच वर्षी, इंजिनप्रमाणे दोन वेगळे ब्रेक बसवलेले होते. गंमत म्हणजे नवी डिस्क हबवर अगदी नीट बसत होती, फक्त पॅडचा वरचा भाग हवेत घासला असता. त्या परत पाठवल्या. दुसऱ्या वेळी चासी नंबरवरून पार्ट नंबर काढला आणि व्यास, जाडी, डिस्कच्या मधल्या टोपीसारख्या फुगवट्याची उंची, मधल्या भोकाचा व्यास आणि बोल्टची भोकं असं सगळं ताडून मगच ऑर्डर दिली.

पॅडच्या बाबतीत मला सर्वात जास्त वेळ लागला, कारण तिथे प्रत्येकाचं मत छातीठोक असतं. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता चांगली सोसतात, पण आवाज आणि काळी भुकटी जास्त, शिवाय ते डिस्कलाही खातात. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ. सेंद्रिय मिश्रणाचे मऊ, पण लांब उतारावर तापले की लवकर हार मानतात. शर्यतीचे म्हणून विकले जाणारे पॅड गार असताना नीट पकडतच नाहीत, आणि घरातून निघाल्यावर पहिल्या वळणाला माझे ब्रेक गारच असणार.

पॅडच्या कडेला किंवा पाठीवर छापलेल्या मजकुरात बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात, त्यांचा मला उपयोग झाला. पहिलं अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं गरम झाल्यावरच्या. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा उतरलेलं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. माझे जुने 'एफई' निघाले, नवे 'एफएफ' घेतले, सिरॅमिक. पण ही चाचणी मसाल्याच्या छोट्याशा तुकड्यावर होते, त्यामुळे तेवढ्यावर भुलण्यात अर्थ नाही. मी 'आर ९०' ही बदली पॅडच्या आंतरराष्ट्रीय नियमाची खूणही शोधली. त्या नियमानुसार बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असावी लागते. मला मूळच्यासारखेच ब्रेक हवे होते, जास्त तिखट नकोत.

पॅड किंचाळतील का ही धास्ती होतीच. ती जुनीच आहे म्हणा, फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं तेव्हा तांब्याचे पॅड धातूच्या डिस्कवर घासून असाच कर्कश आवाज करायचे. आता पॅडमागच्या पातळ पट्ट्या आणि क्लिपा ते काम सांभाळतात, म्हणून त्या नव्याच बसवायच्या, जुन्या पुसून पुन्हा लावायच्या नाहीत.

बसवायच्या दिवशी मी काकांच्या शेजारी बसकण मारली. पॅड आणि पिस्टन धरणारा कॅलिपर सुटला तसा खरा प्रकार उघड झाला. आतला पॅड ३ मिलिमीटर उरला होता, बाहेरचा ७. कॅलिपरला सरकू देणारी एक पिन गंजून अडकली होती, त्यामुळे बाहेरच्या पॅडवर पुरेसा दाब येतच नव्हता. आणि डिस्क काढल्यावर हबवर गंजाची एक खपली दिसली, नखाएवढी, घट्ट दाबून चपटी झालेली. मागच्या वेळी ज्या गॅरेजमध्ये डिस्क बसवली तिथे हब पुसलाच नव्हता. "ही बघ तुझी वाकलेली डिस्क," मी म्हणाले. काकांनी तारेचा ब्रश माझ्या हातात दिला. वीस मिनिटं मी हब घासला, अगदी बोल्टच्या मुळाशी. मग नवी डिस्क नटांनी आवळून तिचा तिरकेपणा मोजणारा डायल गेज लावला. एका पूर्ण फेरीत काटा ०.०३ मिलिमीटर हलला. काका "हं" म्हणाले, त्यांच्या लेखी ही मोठी दाद.

पिना साफ करून रबराला चालणारं ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइल डबीत काठापर्यंत चढलं, ते सिरिंजने आधीच थोडं काढून ठेवलं होतं, नाहीतर सांडून रंग गेला असता. ऑइल काळपट झालं होतं म्हणून तेही बदललं. 'डॉट ४' प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. नवे पॅड लावून जुनं ऑइल ठेवण्यात काय हशील?

गाडी हलवायच्या आधी काकांनी किल्ली दिलीच नाही. "आधी पेडल मार." पहिला दाब थेट तळाशी गेला, पोटात गोळा आला. चौथ्या-पाचव्या वेळी पेडल कडक झालं. पिस्टन मागे गेलेला असतो, तो पॅडपर्यंत परत यायला एवढे दाब लागतात. हे रस्त्यावर कळलं असतं तर?

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर साठवरून दहापर्यंत, मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, दहा वेळा. दर वेळी मध्ये थोडं अंतर चालवून डिस्क निवू द्यायची. पहिले तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक टाळला, आणि तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहणंही सोडलं.

तीन हजार किलोमीटरनंतर पुन्हा चाक काढून आठ खुणांवर मोजलं. सात ठिकाणी २१.९६, एका ठिकाणी २१.९५. ते एक मी तीनदा मोजलं. काकांना दाखवलं तर म्हणाले, "ही सरळ आहे. जुनी वाकलेली होती."