तुम्ही विचारलंत म्हणून: तो क्रिकेट बॉल खरंच चालेल का?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश सायफाय टीव्ही मालिकेचा विषय निघाला आणि समोरच्याला मला थोडंफार फिजिक्स कळतं हे माहीत असलं, की हा प्रश्न येतोच. 'फोर टू डूम्सडे' या गोष्टीत मालिकेचा नायक डॉक्टर (नट पीटर डेव्हिसन) अंतराळात एका यानाबाहेर अधांतरी तरंगत असतो, त्याचं टाइम मशीन टार्डिस थोडं लांब, मग तो खिशातून क्रिकेटचा बॉल काढून यानाच्या भिंतीवर मारतो, बॉल उलटून येतो, तो झेलतो आणि त्या धक्क्याने टार्डिसकडे सरकतो. असं होईल का?

होईल की. पण जाम हळू.

बॉल साधारण 160 ग्रॅमचा, डॉक्टर धरा 75 किलो. ताशी 90 किमीने बॉल फेकला तर डॉक्टरला स्वतःला उलट दिशेने वेग मिळतो सेकंदाला जेमतेम 5 सेंटीमीटर. भिंतीवर आपटून बॉल निम्म्या वेगाने परत आला आणि झेलला तर अजून अडीच-एक, म्हणजे झाले 8 च्या आसपास. टार्डिस 10 मीटरवर असेल तर दोन मिनिटं नुसतं सरकत बसायचं. आणि खांद्यावरून जोरात फेकला तर माणूस पुढे जाण्याबरोबर गरगरायलाही लागणार, कारण जोर शरीराच्या मध्यातून जात नाही, छातीपासून सरळ ढकलल्यासारखा फेकायला हवा, पण तसा फेकला तर वेग कुठून आणणार! तरी तत्त्व शंभर टक्के बरोबर आहे, रॉकेट यावरच चालतं.

गंमत म्हणजे लोक त्या बॉलवर तुटून पडतात आणि डॉक्टरच्या डोक्यावर फक्त हेल्मेट आहे, अंगावर स्पेससूटच नाही, हात उघडे, हे कुणाला खटकत नाही. मला बॉलपेक्षा ते जास्त खटकतं. आता तो माणूस नाहीये, टाइम लॉर्ड म्हणजे परग्रहवासी आहे, सोडून देऊ.

खरा घोटाळा तर यानाच्या मालकाचा आहे. ही गोष्ट बीबीसीवर जानेवारी 1982 मध्ये चार भागांत आली, डॉक्टर म्हणून डेव्हिसनची शूट झालेली ही पहिली, पण दाखवली दुसरी. यान मोनार्कचं, हा अर्बांका ग्रहाचा बेडकासारखा दिसणारा राजा. स्वतःच्या ग्रहाची वाट लावून तिथल्या 3 अब्ज लोकांना कॉम्प्युटर चिप्सवर भरून निघालाय, दर खेपेला पृथ्वीवरून माणसं उचलायची, त्यांच्या आठवणी चिपवर घालून त्यांचे अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखे यंत्रमानव, करायचे, यानाचा वेग दुप्पट करायचा आणि परत यायचं. अथेन्सचा तत्त्वज्ञ बिगॉन यातलाच. आणि हे सगळं कशासाठी, तर प्रकाशापेक्षा वेगाने जाऊन काळात मागे, सृष्टीच्या सुरुवातीला पोचायचं, कारण महाराजांना वाटतं की आपणच देव. वेग दुप्पट दुप्पट करत प्रकाशाला गाठता येत नाही, जवळ जाल तसं तेवढाच वेग वाढवायला लागणारी ऊर्जा वाढतच जाते, त्याला अंत नाही. तेव्हा त्या बॉलवाल्याला हसण्याआधी या साहेबांचा हिशोब तपासा.

पण मला हा व्हिलन आवडतो, आणि त्याचं कारण फिजिक्स नाही. स्ट्रॅटफर्ड जॉन्स या नटाने तो आरडाओरडा न करता, एखाद्या प्रेमळ आजोबांसारखा केलाय, सगळं कसं गोड बोलून. देहाला भूक, रोग, म्हातारपण, असला देहच नको, चिपवर या, अमर व्हा, हे तो जगाला सांगतो, आणि शेवटी कळतं की स्वतः मात्र अजून हाडामांसाचाच आहे! आकसवून टाकणारं जे विष त्याने पृथ्वीवरच्या माणसांसाठी ठेवलेलं, ते त्यामुळेच त्याच्यावर चालतं, अँड्रॉइड असता तर वाचला असता. अख्ख्या गोष्टीतला सगळ्यात पक्का धागा हाच, आणि चर्चा मात्र बॉलची.

बघणार असाल तर आधीच सांगते, गोष्ट रेंगाळते. यानावरचे अँड्रॉइड आपापल्या संस्कृतीचे नाच करून दाखवतात ते सीन संपता संपत नाहीत, बिनधास्त पुढे ढकला. फक्त दुसऱ्या भागाच्या शेवटी ढकलू नका, तिथे बिगॉन शांतपणे स्वतःचा चेहरा उचलून काढतो आणि आत सर्किट दिसतं. 1982 च्या बजेटमध्ये केलंय, पण आजही दचकायला होतं.