ऑर्चर्ड रोडची खरेदी, धोबी घाटाचा मुक्काम

सिंगापूरला उतरायचं कुठे, यावर घरात बरीच चर्चा झाली. खरेदीसाठी ऑर्चर्ड रोड हवा होता आणि आईच्या शाकाहारी जेवणासाठी लिटल इंडिया. शेवटी दोन्हींच्या मधे खोली घेतली, धोबी घाट स्टेशनजवळ. पहिल्या दिवशी गाडीत घोषणा झाली, ‘धोबी घाट’, आणि आईने चमकून माझ्याकडे बघितलं. पूर्वी इथून एक ओढा वाहायचा आणि हिंदुस्थानातून आलेले धोबी त्यात कपडे धूत. नाव त्यांच्यामुळे टिकलं.

चांगी विमानतळावरून मेट्रोने येताना तानाह मेराह आणि सिटी हॉल, अशी दोनदा गाडी बदलावी लागते. तिकिटाच्या रांगेत उभं राहू नका, आपलं बँकेचं कार्डच फाटकावर टेकवता येतं. त्यासाठी निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले व्यवहार आणि कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय, दोन्ही चालू करून ठेवा. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं.

आता मुख्य सल्ला. ऑर्चर्ड रोड साधारण सव्वादोन किलोमीटरचा. त्यावर एकाच लाल मार्गाची तीन स्टेशनं आहेत: ऑर्चर्ड, सॉमरसेट आणि धोबी घाट. आम्ही पहिल्या दिवशी धोबी घाटाकडून चालत निघालो आणि अर्ध्या वाटेतच पिशव्यांनी हात भरले. दुसऱ्या दिवशी उलटं केलं. मेट्रोने थेट ऑर्चर्डला गेलो आणि खरेदी करत खोलीकडे चालत आलो. जसजशा पिशव्या वाढत होत्या तसतशी खोली जवळ येत होती. सकाळी लवकर जाऊ नका, बरीच दुकानं दहा-अकराला उघडतात आणि रात्री साडेनऊ-दहापर्यंत चालू असतात.

ऑर्चर्डच्या चौकात आयॉन मॉलमधून समोरच्या टँग्स या मोठ्या दुकानात जायचं तर भुयारी मार्ग घ्यावा लागतो. सुरुवातीला दिशा चुकते, पण पाट्या नीट वाचल्या की जमतं. दुपारी पाऊस कोसळला तेव्हा याच भुयारांनी आम्हाला कोरडं ठेवलं. धोब्यांच्या त्या ओढ्याचं पाणी आज याच रस्त्याखालच्या कालव्यातून वाहतं. 2010 साली ते वर आलं आणि इथली तळघरातली दुकानं पाण्यात गेली होती. आता हिरव्यागार झाडांखाली चालताना ते खरं वाटत नाही.

रस्त्याकडेला छत्री लावलेली आइस्क्रीमची गाडी दिसली तर थांबाच. आमच्या गाडीवरच्या आजोबांनी आइस्क्रीमची लांब वीट सुरीने कापली, तो तुकडा गुलाबी-हिरव्या पावाच्या स्लाइसमध्ये ठेवला आणि घडी घालून हातात दिला. आईने मक्याच्या चवीचं घेतलं. मॉलमधल्या कुठल्याही खाण्यापेक्षा तिला ते आवडलं. तिथून सॉमरसेटकडे येताना एमराल्ड हिलच्या गल्लीत वळा. रंगीत खिडक्यांची जुनी पेरानाकन (चिनी-मलाय मिश्र संस्कृतीच्या लोकांची) घरं आहेत, दोन मिनिटांत गजबज मागे पडते.

जेवायला धोबी घाटाहून जांभळ्या मार्गाने एकच स्टेशन, लिटल इंडिया. सेरंगून रोडवरचं 1947 पासूनचं कोमला विलास आम्हाला इतकं आवडलं की तीन वेळा गेलो.

बिलावर 9 टक्के जीएसटी असतो. पर्यटकांसाठीच्या योजनेतल्या दुकानात किमान 100 सिंगापूर डॉलरची खरेदी झाली की तो परत मागता येतो (हाती येताना थोडं शुल्क कापलं जातं). एकाच दुकानाच्या एकाच दिवसाच्या तीन पावत्या एकत्र धरतात. खरेदीला जाताना मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, फोटो चालत नाही. आणि परतीच्या दिवशी चांगीला परताव्याच्या यंत्रावरचं काम आधी उरका, बॅगा नंतर द्या. माल दाखवा म्हणाले तर तो हाताशी हवा.